कम्पायलरचा बग की माझी चूक? फ्लोटचा इंट करताना मर्यादेची तपासणी एकाच आकड्याला फसते

पाणपोई

नमस्कार मंडळी. चार दिवस डोकं खाणारा एक प्रश्न घेऊन आलोय. थोडं सविस्तर लिहितो, कारण अर्धवट माहितीवर कुणाचा वेळ घ्यायचा नाही.

एका पाणीपुरवठा योजनेच्या पंपहाउसमध्ये मुख्य जलवाहिनीवर फ्लोमीटर आहे. आजवर एकूण किती लिटर पाणी गेलं तो आकडा हा मीटर मॉडबसवर (यंत्रांनी एकमेकांना आकडे पाठवायची ठरलेली पद्धत) ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये (दशांश चिन्हाच्या आकड्यात) देतो. माझा सी भाषेतला प्रोग्राम दर ५ सेकंदांनी तो वाचतो, ३२ बिटांच्या इंटमध्ये (पूर्णांकात) बदलतो आणि नोंद करतो. बदलण्याआधी तपासणी आहे:

जर (वाचन > कमाल_इंट) तर "मर्यादेबाहेर" लिही, परत फिर
लिटर = (इंट) वाचन

कमाल_इंट म्हणजे २१४७४८३६४७. गेल्या मंगळवारी पहाटे लॉगमध्ये ओळीने हे आलं:

२१४७४८३३९२
२१४७४८३५२०
−२१४७४८३६४८
मर्यादेबाहेर
मर्यादेबाहेर

तिसरी ओळ बघा. तपासणी चौथ्या ओळीपासून चालते, मग तिसरीला का नाही? अहवालाचा प्रोग्राम मागच्या नोंदीतून फरक काढतो, त्यामुळे त्या ५ सेकंदांचा वापर उणे ४२९४९६७१६८ लिटर आला आणि सकाळी सात वाजता मला फोन आला.

आता खरी गंमत वाटावी असा भाग, पण मला रडू येतंय. पंपहाउसमधला पीसी इंटेलचा आहे. त्याच मीटरवर चाचणीसाठी एआरएमचा छोटा बोर्डही समांतर लावलाय, तोच कोड, तोच कम्पायलर जीसीसी. त्याच्या लॉगमध्ये त्याच क्षणी २१४७४८३६४७ आहे, उणे काही नाही. म्हणून मी लॅपटॉपवर दहा ओळींचा प्रोग्राम करून २१४७४८३६४८.० हा आकडा थेट कोडमध्ये लिहिला. ऑप्टिमायझेशन (कम्पायलरने कोड वेगवान करणं) बंद असताना −२१४७४८३६४८. ओ२ (ऑप्टिमायझेशनची एक पातळी) लावलं की २१४७४८३६४७. एकच यंत्र, एकच कम्पायलर, एकच कोड, उत्तरं दोन.

हा कम्पायलरचा बग नाही तर काय? जीसीसीकडे तक्रार नोंदवायच्या आधी इथे विचारतोय.

खटपट्या

ओव्हरफ्लोचा (आकडा मर्यादेबाहेर जाण्याचा) प्रकार दिसतोय. कम्पायलरचा एफ-रॅप-व्ही हा पर्याय लावून बघा, दोन्हीकडे सारखं उत्तर येईल असं वाटतं.

मधुरा_वि

खटपट्या, त्याने काही होणार नाही. तो पर्याय पूर्णांकांच्या बेरीज, वजाबाकी, गुणाकारासाठी आहे. इथे गणित नाहीच, रूपांतर आहे, आणि तेही फ्लोटकडून. रूपांतरांचे नियम वेगळे असतात आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. मोठा पूर्णांक लहान सही-पूर्णांकात (साइन्ड, म्हणजे उणे आकडेही धरणाऱ्या) घातला तर काय होईल ते सी भाषा कम्पायलरवर सोडते आणि जीसीसीने ते लिहून ठेवलंय: वरचे बिट कापले जातात. फ्लोटचा पूर्ण भाग जर इंटमध्ये मावत नसेल तर मात्र ते अनडिफाइन्ड बिहेवियर आहे. तिथे भाषेने कसलंही वचन दिलेलं नाही.

पाणपोई, तुमच्या तिन्ही निरीक्षणांना तीन वेगवेगळी कारणं आहेत. एकेक घेऊ.

पहिलं, इंटेल आणि एआरएम. इंटेलची फ्लोटवरून इंट करणारी सूचना आकडा मावला नाही की एकच ठरलेलं उत्तर देते: फक्त सर्वात वरचा बिट १, बाकी शून्य. सही-पूर्णांक म्हणून वाचलं की तेच −२१४७४८३६४८. एआरएमची सूचना जवळच्या टोकाला थांबते, म्हणून तिथे २१४७४८३६४७. दोन्ही यंत्रं आपापल्या पुस्तकाबरहुकूम वागली.

दुसरं, ओ२. तुम्ही आकडा कोडमध्येच लिहिला, त्यामुळे रूपांतर प्रोसेसरपर्यंत गेलंच नाही. जीसीसीने कम्पाइल करतानाच ते करून टाकलं. जीसीसीच्या त्या भागात टिप्पणीच आहे की हे जावाच्या नियमाने करतो: नॅनचं (फ्लोटमधली "हा आकडाच नाही" अशी खास किंमत) शून्य, न मावणारा आकडा टोकाला. म्हणून लॅपटॉपवर ओ२ चं उत्तर एआरएमसारखं आलं. म्हणजे ही चाचणी तुमचा पंपहाउसमधला प्रश्न तपासतच नव्हती. आकडा फाइलमधून वाचा किंवा चल व्होलाटाइल करा (म्हणजे कम्पायलर त्याची किंमत आधीच धरून चालणार नाही), मग ओ२ लावूनही लॅपटॉपवर उणेच येईल.

तिसरं आणि मुख्य, म्हणजे तपासणी का फसली. तुमच्या तपासणीतच एक रूपांतर लपलंय. फ्लोट आणि इंटची तुलना करताना सी आधी इंटचा फ्लोट करते. फ्लोटमध्ये २४ बिटांचीच अचूकता असते, २१४७४८३६४७ ला ३१ बिट लागतात. तो फ्लोटमध्ये मावत नाही, म्हणून जवळच्या फ्लोटला जातो, आणि जवळचा फ्लोट आहे २१४७४८३६४८.०. तुमची ओळ प्रत्यक्षात अशी चालते:

जर (वाचन > २१४७४८३६४८.०) तर ...

वाचन बरोबर २१४७४८३६४८.० असेल तर ते "पेक्षा मोठं" नाही. तपासणी त्याला आत सोडते आणि पुढे रूपांतर फसतं. वरच्या टोकाला अडचणीचा फ्लोट हा एकच आहे, आणि तो तुम्हाला मिळाला.

पाणपोई

मधुराताई, वाचून पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. पण एक शंका राहतेच. मीटर लिटर मोजत जातोय. अब्जावधी आकड्यांतून नेमका तोच एक आकडा, नेमका माझ्या ५ सेकंदांच्या वाचनात कसा सापडला?

विजेचा_खांब

याचं उत्तर मी देतो, मीटरच्या बाजूचं काम गेली अनेक वर्षं करतोय.

मीटरच्या पोटात मोजणी बहुधा पूर्णांकातच होते. तुम्हाला देताना तो फ्लोट करतो. त्या टप्प्यावर फ्लोटच्या पायऱ्या किती रुंद झाल्यात बघा. २१४७४८३६४८ च्या खाली लागोपाठच्या दोन फ्लोटमध्ये १२८ चं अंतर आहे, वर गेलं की २५६ चं. मधले सगळे आकडे जवळच्या पायरीवर ढकलले जातात. म्हणजे मीटरच्या पोटात २१४७४८३५८४ पासून २१४७४८३७७६ पर्यंत काहीही असलं तरी बाहेर येताना तो २१४७४८३६४८.० च असतो. हा १९३ लिटरचा पट्टा झाला. तुमचा प्रवाह किती?

पाणपोई

सेकंदाला ३० लिटरच्या आसपास. म्हणजे ५ सेकंदांत १५० लिटर.

विजेचा_खांब

मग झालं की. १९३ चा पट्टा आणि १५० ची उडी, एक तरी वाचन त्यात पडणारच, चुकणं शक्य नव्हतं. तुमचं पहिलं वाचन २१४७४८३३९२, दुसरं २१४७४८३५२०. दोघांत १२८ चा फरक दिसतो, प्रत्यक्षात पाणी १५० लिटर गेलं. पायऱ्या दिसतायत.

आणि हे लक्षात आलं असेल तर त्याहून गंभीर गोष्टही लक्षात येईल: १६७७७२१६ लिटरच्या पुढे तुमचा फ्लोट एकेक लिटर दाखवतच नव्हता. आधी २ च्या पायरीने, मग ४, ८, १६. पाण्याचं बिल ज्या आकड्यावर निघतं तो आकडा फ्लोटमधून घेऊ नये, हे मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. बऱ्याच मीटरांत तीच एकूण मोजणी ३२ बिटांच्या पूर्णांकात वेगळ्या रजिस्टरवर (मीटरच्या आतल्या आकडा ठेवायच्या जागेवर) मिळते. पुस्तिका उघडा आणि रजिस्टरांचा तक्ता बघा, शेवटच्या पानांत असतो.

खटपट्या

माझा सल्ला चुकला, मान्य. मग लिटर हा चल अनसाइन्ड (उणे आकडे नसलेला) केला तर? ४२९ कोटींपर्यंत मोकळीक मिळेल आणि उणे यायचा प्रश्नच नाही.

मधुरा_वि

प्रश्न तिथे दुसऱ्या टोकाला जातो. काही मीटर उलट प्रवाह वजा करतात, तेव्हा सुरुवातीला वाचन −१.० येऊ शकतं. फ्लोट −१.० चा अनसाइन्ड करणं हेही अनडिफाइन्डच. ६४ बिटांच्या इंटेलवर सहसा ४२९४९६७२९५ मिळतो, कारण कम्पायलर ६४ बिटांत बदलून खालचे ३२ बिट घेतो. एआरएमवर शून्य मिळतं. (−०.९ मात्र चालतो. अपूर्णांक आधी कापला जातो, उरतं शून्य, आणि ते मावतं.)

तपासणी अशी लिहा. कमाल_इंट वापरूच नका. त्याच्या पुढचा आकडा, म्हणजे २ चा ३१ वा घात, फ्लोटमध्ये तंतोतंत बसतो. त्याच्यापेक्षा काटेकोर लहान हवं असं म्हणा:

जर नाही (वाचन >= −२१४७४८३६४८.० आणि वाचन < २१४७४८३६४८.०) तर नाकार

"नाही" बाहेर मुद्दाम ठेवलाय. वाचन नॅन असेल तर त्याच्याशी केलेली लहान-मोठेपणाची प्रत्येक तुलना खोटी ठरते, कंस खोटा होतो आणि नॅनही नाकारला जातो. तुमच्या जुन्या ओळीतून नॅन सरळ आत जात होता.

हे सगळं डबलमध्ये (६४ बिटांच्या फ्लोटमध्ये) केलं तर ३२ बिटांपुरता प्रश्न सुटतो, कारण डबलमध्ये ५३ बिट आहेत. पण ६४ बिटांच्या इंटला तोच सापळा डबलमध्ये तसाच उभा आहे: ९२२३३७२०३६८५४७७५८०७ हा डबलमध्ये जाताना ...८०८ होतो. म्हणून घाताची पद्धतच हाताला लावून घ्या.

अर्धविराम

मधुराताईंचं तांत्रिक विवेचन पूर्ण बरोबर आहे, पण निष्कर्षाबद्दल माझा आक्षेप नोंदवतो. एकाच कोडला एकाच यंत्रावर ऑप्टिमायझेशनप्रमाणे दोन उत्तरं येत असतील आणि कम्पायलर चकार शब्द काढत नसेल, तर "भाषेने वचन दिलं नव्हतं" हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. पंपहाउसमधल्या माणसाला त्याचं काय?

रस्ट भाषेचं उदाहरण घ्या. तिथेही फ्लोटचा इंट "अ‍ॅज" लिहून करतात. रस्टचं वचन असं की अनसेफ शब्द न वापरता लिहिलेल्या कोडमध्ये अनडिफाइन्ड बिहेवियर नाही. पण खाली एलएलव्हीएम (कम्पायलरचा यंत्रभाषेतला कोड बनवणारा भाग) आहे, आणि एलएलव्हीएमची रूपांतराची सूचना आकडा मावला नाही तर काहीही देते. त्यामुळे साध्या, सुरक्षित कोडमधून अनडिफाइन्ड गोष्ट घडवता येत होती. हा प्रश्न २०१३ मध्ये नोंदवला गेला, क्रमांक १०१८४. रस्टची १.० आवृत्ती २०१५ च्या मे महिन्यात आली तेव्हाही तो उघडाच होता. मिटला १६ जुलै २०२० ला, १.४५ आवृत्तीत. तेव्हापासून न मावणारा आकडा टोकाला थांबतो, नॅनचं शून्य होतं, आणि ज्याला वेग हवा त्याच्यासाठी न तपासणारं वेगळं फंक्शन आहे, जे अनसेफ लिहूनच वापरावं लागतं.

त्या लोकांनी "वापरणाऱ्याची चूक" म्हणून धागा बंद केला नाही. सात वर्षं उघडा ठेवला आणि शेवटी भाषा बदलली.

मधुरा_वि

अर्धविराम, उदाहरण अगदी योग्य, आणि मी त्यातून नेमका उलटा अर्थ काढते. रस्टमध्ये तो कम्पायलरचा बग होता, कारण रस्टने वचन दिलं होतं आणि ते मोडत होतं. सीने ते दिलेलंच नाही. म्हणून तोच आकडा, तीच प्रोसेसरची सूचना, आणि एकीकडे बग, दुसरीकडे नाही. जीसीसीकडे ही तक्रार गेली तर "अवैध" शिक्का बसून परत येईल. असे अनेक जण तिथून परत आलेत. पाणपोईंचा वेळ वाचावा एवढाच माझा हेतू.

पण कम्पायलर चकार शब्द काढत नाही हे सरसकट खरं नाही. हीच फाइल क्लँग या दुसऱ्या कम्पायलरमधून काढा. तुलनेच्या ओळीवर न मागता इशारा येतो की इंटचा फ्लोट होताना किंमत २१४७४८३६४७ वरून २१४७४८३६४८ होते. आणि जीसीसीत सॅनिटायझर (प्रोग्राम चालताना चुका पकडणारी सोय) आहे, फ्लोट-कास्ट-ओव्हरफ्लो नावाचा. नेहमीच्या "अनडिफाइन्ड" गटात तो येत नाही, नाव घेऊन वेगळा मागावा लागतो. त्यामुळे खूप जण गट लावतात, काही दिसत नाही, आणि कोड स्वच्छ आहे असं समजतात.

पाणपोई

काल रात्री दोन्ही केलं. क्लँगने पहिल्याच फटक्यात ती ओळ दाखवली. सॅनिटायझरही चालताना बोलला: २.१४७४८ गुणिले दहाचा नववा घात हे इंट प्रकारात मावत नाही, फाइलचं नाव, ओळ क्रमांकासकट. मी चार दिवस जे शोधत होतो ते.

मधुराताईंची नवी तपासणी घातली आणि लॅपटॉपवर मॉडबस सिम्युलेटर चालवून सहा आकडे सोडले: २१४७४८३५२०, २१४७४८३६४८, २१४७४८३९०४, −१, अनंत आणि नॅन. पहिला आणि −१ आत गेले, ते बरोबर. २१४७४८३६४८, २१४७४८३९०४ आणि अनंत नाकारले गेले. पण नॅन आत गेला! इंटेलवर पुन्हा −२१४७४८३६४८, एआरएमवर शून्य. ऑप्टिमायझेशन बंद केलं की नॅन नाकारला जातो. ओळ अक्षर न अक्षर तुम्ही दिली तशीच आहे, तीनदा तपासली. आता तरी कम्पायलरने तपासणी गिळली म्हणू का?

मधुरा_वि

मेकफाइल (कम्पायलरला द्यायचे पर्याय लिहिलेली फाइल) दाखवा. त्यात फास्ट-मॅथ असं काही आहे का?

पाणपोई

आहे. माझ्या आधीच्या माणसाने घातलेलं. "वेगासाठी" अशी टिप्पणीही आहे.

मधुरा_वि

मग हो, या वेळी कम्पायलरने तपासणी बदलली, आणि त्याला तसं करायला तुमच्या मेकफाइलनेच सांगितलंय. फास्ट-मॅथमध्ये बरेच पर्याय एकत्र येतात, त्यातला एक म्हणतो की या प्रोग्राममध्ये नॅन आणि अनंत कधीच येत नाहीत असं धरून चाल. एकदा तसं धरलं की "नाही (लहान टोकाएवढा किंवा मोठा, आणि मोठ्या टोकापेक्षा लहान)" आणि "लहान टोकापेक्षा लहान, किंवा मोठ्या टोकाएवढा वा त्याहून मोठा" या दोन ओळी सारख्याच होतात. कम्पायलर सोयीची दुसरी घेतो. दुसरीत नॅनच्या दोन्ही तुलना खोट्या, म्हणजे नाकारायचं कारण उरत नाही, म्हणजे नॅन आत. अनंत तुमच्याकडे नाकारला गेला तो योगायोग समजा, त्यावर विसंबू नका.

५ सेकंदांत एक आकडा वाचणाऱ्या प्रोग्रामला फास्ट-मॅथचा काडीचा उपयोग नाही. काढून टाका.

अर्धविराम

या ठिकाणी माझं मत थोडं बदललं. पहिल्या प्रश्नात मला अजूनही भाषेची कंजुषी दिसते, दुसऱ्यात मात्र वचन होतं आणि आपणच ते परत केलं.

अवांतर: फ्लोटचा इंट म्हटलं की एरियान ५ आठवतंच. ४ जून १९९६, फ्रेंच गयानातून पहिलंच उड्डाण, ६४ बिटांचा फ्लोट १६ बिटांच्या पूर्णांकात मावला नाही आणि चाळिसाव्या सेकंदाच्या आत रॉकेट गेलं. तपासणी नव्हती म्हणून.

विजेचा_खांब

अर्धविराम साहेब, एक दुरुस्ती. चौकशी मंडळाचा अहवाल जाहीर आहे आणि आमच्या क्षेत्रात तो वाचायला देतात. "तपासणी नव्हती" असं नाही. प्रोग्राम एडा भाषेत होता. धोक्याच्या सात चलांपैकी चारांना संरक्षण दिलं होतं, तिघांना नाही, कारण संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. आडव्या वेगाशी संबंधित चल त्या तिघांतला. पण रूपांतर फसल्यावर प्रोसेसरने ते पकडलं, अपवाद उठवला. पुढे काय करायचं तर पूर्ण यंत्रणा बंद करायची असं ठरलेलं होतं, म्हणून दिशा सांगणारा संगणक बंद पडला. राखीव संगणकात तोच प्रोग्राम, तोही त्याच कारणाने आधीच बंद पडला होता. आणि ज्या कामासाठी ते रूपांतर चालू होतं त्या कामाची उड्डाणानंतर गरजच नव्हती.

म्हणून पाणपोई, तुम्हाला माझा प्रश्न तपासणीच्या पुढचा आहे. "मर्यादेबाहेर" लिहून तुमचा प्रोग्राम परत फिरतो, मग पुढे? मंगळवारपासून पंपहाउसमध्ये नोंद होतेय की नुसतं मर्यादेबाहेर लिहिलं जातंय?

पाणपोई

नुसतं मर्यादेबाहेर. साडेपाच दिवसांची नोंद नाही. हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंच नाही, कारण सगळं लक्ष त्या एका उणे ओळीवर होतं.

मधुरा_वि

एआरएमच्या बोर्डावर कच्ची रजिस्टरं साठवता का? दोन १६ बिटांची मूल्यं जशीच्या तशी?

पाणपोई

हो! बोर्डावर कच्चं साठवणं चाचणीसाठी चालू ठेवलं होतं. फ्लोटचेच बिट, पण आहेत.

विजेचा_खांब

मग २५६ लिटरच्या पायरीने का होईना, साडेपाच दिवस परत मिळाले. ती नोंद भरताना शेजारी "फ्लोटवरून, पायरी २५६ लिटर" असं स्पष्ट लिहा, म्हणजे उद्या कुणी बिल ताडून पाहिलं तर त्याला कळेल.

पाणपोई

शेवटचं कळवतो. मीटरच्या पुस्तिकेत ३२ बिटांच्या अनसाइन्ड पूर्णांकाची रजिस्टरं सापडली, विजेचा_खांब साहेब म्हणाले तशी शेवटच्या पानांत. आता एकूण आकडा तिथून घेतो, ६४ बिटांच्या इंटमध्ये ठेवतो, फ्लोट फक्त क्षणाच्या प्रवाहासाठी. तिथेही नवी तपासणी आहे. फास्ट-मॅथ काढलं. सहाही आकडे दोन्ही यंत्रांवर, ऑप्टिमायझेशन बंद आणि ओ२, असे चोवीस वेळा चालवले, अपेक्षेप्रमाणे आले. −२१४७४८३६४८ ची ओळ पुसली नाही, तिच्यासमोर दुरुस्त आकडा आणि कारण लिहिलं. जीसीसीकडे तक्रार केली नाही.

योजनेच्या दुसऱ्या पंपहाउसमध्ये याच जातीचा मीटर आहे, त्याचा आकडा आज १९८ कोटी लिटरवर आहे. दिवसाला साधारण २६ लाख लिटर धरले तर टप्पा यायला दोन महिने आहेत. तिथे अजून जुनाच प्रोग्राम चालतोय. शनिवारी जाऊन बदलतो, आणि तो टप्पा ओलांडेल त्या दिवशीच्या दोन्ही लॉगच्या ओळी याच धाग्यात टाकतो.